विक्रेत्याची वही कोणाच्या हाती गेली?

आपल्या प्रश्नाचा गाभा असा आहे: वडिलांनी सोलापुरात काढलेले चार पानी दैनिक आणि त्याला जोडलेला छोटा छापखाना आता आपल्याकडे आला आहे, खप दर वर्षी घसरतो आहे आणि घरातल्या तरुण मंडळींचे म्हणणे आहे की कागद बंद करून सगळे यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर न्यावे. तेव्हा डिजिटल तंत्रज्ञानाने माध्यमांचा धंदा आणि त्यांचा वाचक-प्रेक्षक नेमका कसा बदलतो, हे कोणीतरी मुळापासून सांगावे, असे आपण लिहिले आहे. मी या शहरात तीसहून अधिक वर्षे, आधी उपसंपादक, मग आवृत्तीप्रमुख आणि अलीकडे छोट्या वृत्तवाहिन्यांचा सल्लागार म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून लिहितो. उत्तर लांबेल, कारण ‘कागद की मोबाइल’ अशी प्रश्नाची मांडणीच मला फसवी वाटते.

मी नोकरीला लागलो तेव्हा पहाटे साडेचारला गठ्ठे उतरवून घेणाऱ्या एका विक्रेत्याकडे लांबट, जाड पुठ्ठ्याची एक वही असे. त्याच्या लाइनीतल्या प्रत्येक घराची तिच्यात एक ओळ होती. कोणाला मराठी अंक, कोणाला त्याच्या जोडीला कन्नड, कोण गावाला गेल्यामुळे पंधरा दिवस बंद, कोणाची दोन महिन्यांची वसुली राहिली, कोणाकडे अंक दाराच्या कडीत अडकवायचा आणि कोणाकडे खालूनच गॅलरीत भिरकवायचा, हे सगळे त्या ओळीत असे. आमच्या संपादकांना आपला वाचक ढोबळमानाने ठाऊक होता, जाहिरात विभागाला तो केवळ खपाच्या आकड्यात ठाऊक होता. घरागणिक ठाऊक होता तो त्या वहीला. म्हणजे वाचकाविषयीची सर्वांत मोलाची माहिती गावातच, गावातल्याच एका माणसाच्या पिशवीत होती आणि तिला काही किंमत येईल हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आले नव्हते.

डिजिटल तंत्रज्ञानाने केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे ही वही त्याने गावाबाहेर नेली. कागद, पडदा, ध्वनी यांचे रूप बदलले हे खरेच आहे, पण ते वरवरचे आहे. ज्याच्याकडे वही त्याच्याकडे जाहिरातदार जातो, हा या धंद्याचा जुना नियम आजही जसाच्या तसा लागू आहे. पुढचे सगळे विवेचन मी याच एका गोष्टीभोवती करणार आहे.

पहिली डिजिटल लाट वर्तमानपत्रांच्या फायद्याची होती, हे आज विसरले जाते. खिळे जुळवून मजकूर उभा करणारे कंपोझिटर गेले, त्यांच्या जागी संगणकावर श्री-लिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करणारे ऑपरेटर आले. पान लावणे तासांवरून मिनिटांवर आले, आणि पाने फोन लाइनवरून पाठवता येऊ लागली तेव्हा पुण्या-मुंबईच्या मोठ्या दैनिकांना सोलापूरची स्वतंत्र आवृत्ती परवडू लागली. पूर्वी आपल्याकडे दुपारी पोहोचणाऱ्या डाक आवृत्तीची जागा पहाटेच्या अंकाने घेतली. १९६१ पासून चालत आलेल्या ‘संचार’सारख्या इथल्याच दैनिकाला आता बाहेरच्या मोठ्या भांडवलाशी रोज पहाटे सामना करावा लागला. तरीही त्या काळात सगळ्यांचेच खप वाढले, कारण तंत्रज्ञान छपाईत शिरले होते. वाचकाच्या दारापर्यंतची वाट मात्र अजून विक्रेत्याच्या सायकलीचीच होती.

वही हलल्याचा पहिला प्रसंग मी केबलच्या धंद्यात पाहिला. ॲनालॉग केबलच्या काळात गल्लीतला केबलवाला स्वतःची कंट्रोल रूम चालवायचा, संध्याकाळी शहराच्या बातम्या दाखवायचा, सिनेमाच्या खालून जाहिरातीची पट्टी फिरवायचा आणि त्याच्या तारेवर नेमकी किती घरे आहेत हे त्याच्याशिवाय कोणालाही कळत नसे. हा शेवटचा भाग सरकारला आणि वाहिन्यांना खुपत होता, कारण घरे लपवली की वाहिनीचे पैसेही लपत. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरवून देशातल्या ३८ शहरांत राबवला गेला आणि त्यांत सोलापूर होते. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसला, प्रत्येक बॉक्सचा क्रमांक मोठ्या वितरक कंपनीच्या प्रणालीत नोंदला गेला आणि केबलवाल्याच्या खिशातली डायरी निरुपयोगी ठरली. २०१९ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्राय) नवी दररचना आल्यावर तर वाहिनीनिहाय किंमतही वरूनच ठरू लागली. चित्र स्वच्छ झाले, चोरी थांबली, हे मान्यच करायला हवे. पण स्वतःच्या भागाचा मालक असलेला माणूस त्यानंतर वसुली एजंट झाला आणि त्याच्या संध्याकाळच्या बातम्यांना असलेला आधारही डळमळला.

सिनेमाचे थोडक्यात सांगतो. रिळांच्या काळात एका प्रिंटला साठ-सत्तर हजार रुपये पडत, त्यामुळे वितरक मोजक्याच प्रिंट काढत आणि पेटी मोठ्या शहरांत फिरून मग आपल्याकडे येई. उपग्रहावरून थेट थिएटरच्या सर्व्हरवर चित्रपट उतरवण्याची पद्धत २००५ नंतर पसरली आणि ही प्रतीक्षा संपली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक प्रेक्षकाला हैदराबादच्याच दिवशी नवा चित्रपट मिळू लागला, ही त्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. थिएटरमालकाच्या दृष्टीने मात्र सर्व्हरचे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने, तेही ठरलेल्या खेळांपुरतेच, उघडू लागले. वहीऐवजी इथे किल्ली म्हणा, गोष्ट तीच आहे.

आता अशा एका माध्यमाविषयी, ज्याला कोणी डिजिटल म्हणतच नाही. सोलापूरच्या रस्त्यावर उभे राहून सभोवार पाहिले तर संगणकातून निघालेले सर्वांत ठळक माध्यम कोणते दिसते? फ्लेक्स. माझ्या माहितीतल्या एका दुकानात संध्याकाळी सातनंतर जाऊन बसावे. पोरगा संगणकावर वाढदिवसाची तयार फाइल उघडतो, मधला मोठा चेहरा बदलतो, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस-तीस चेहरे एकेक करून कातरून चिकटवतो, कोणाचा चेहरा कोणापेक्षा मोठा झाला यावर फोनवर वाद होतो, तो मिटला की फाइल यंत्राकडे जाते आणि सॉल्व्हंट शाईच्या उग्र वासासह दहा फूट रुंदीचा पट्टा सरकत बाहेर येतो. मग कडा चिकटवून रिंगा ठोकायच्या आणि उजाडायच्या आत चौकात टांगायचा. दर चौरस फुटावर ठरतो आणि तो वर्तमानपत्रातल्या कॉलम सेंटिमीटरमागे आकारल्या जाणाऱ्या जाहिरात दराच्या मानाने नगण्य असतो.

आमच्या पेशातले लोक गुगल आणि फेसबुकला दोष देतात, पण सोलापूरच्या छोट्या दैनिकाचे वाढदिवस, अभिनंदन, नियुक्ती आणि श्रद्धांजली हे उत्पन्न सर्वांत आधी या यंत्राने नेले. त्याच यंत्राने एनॅमल रंगात अक्षरे काढणाऱ्या पेंटरांचीही रोजी नेली. त्यांच्यातले काही जण पुढे त्याच दुकानांत डिझायनर झाले, काही रिक्षा चालवू लागले. जाहिरातदाराने असा विचार केला असावा की पेपरमधली जाहिरात कोणी पाहिली की नाही हे कळत नाही, चौकातला फ्लेक्स मात्र ज्याने पाहावा असे वाटते तो येता-जाता पाहतोच. म्हणजे वाचक किती यापेक्षा वाचक कोण, याला तो पैसे देत होता आणि आम्ही त्याला खपाचे आकडे ऐकवत बसलो होतो. पुढे व्हॉट्सॲपच्या स्टेटसने तेच काम फुकटात केले, शिवाय कोणी कोणी पाहिले याची नावानिशी यादीही दिली.

स्टेटस पाहायला डेटा लागतो आणि तो स्वस्त झाला ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओची सेवा सुरू झाल्यावर. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. ३१ मार्च २०१७ पर्यंत तो जवळपास फुकट वाटला गेला आणि नंतरही दर पूर्वीच्या पातळीला कधी गेले नाहीत. यानंतर प्रेक्षक ‘वाढला’ असे सरधोपट म्हटले जाते. माझे निरीक्षण थोडे वेगळे आहे. प्रेक्षक वाढला त्यापेक्षा जास्त, तो हातातल्या कामाप्रमाणे विभागला गेला.

कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी वळणाऱ्या एखाद्या घरात दुपारी जाऊन पाहा. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे हात थांबणे म्हणजे पैसे बुडणे. हात गुंतलेले, नजर निम्मी गुंतलेली, कान मात्र पूर्ण मोकळे. इथे पूर्वी रेडिओ होता, मग मालिका आल्या, आता सुपाच्या कडेला टेकवलेल्या मोबाइलवर तेलंगणातली लोकगीते, कीर्तन किंवा एखाद्या भांडणाचा लांबलचक व्हिडिओ चालू असतो. पाहणे क्वचित, ऐकणे सतत. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेलच्या कारखान्यात याच्या नेमके उलटे आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात कान निकामी असतात, म्हणून तिथला कामगार पाळी संपल्यावर किंवा चहाच्या सुटीत वीस-तीस सेकंदांची रील पाहतो, तीही बहुधा आवाज न लावता, खाली उमटणारी अक्षरे वाचत. एकाच घरातली दोन माणसे, आई आणि मुलगा, अशा दोन अगदी वेगळ्या माध्यमांचे प्रेक्षक झाले आहेत. आपण दोघांसाठी एकच व्हिडिओ बनवून चालणार नाही, आणि सोलापुरातल्या बहुतेक वाहिन्या नेमके तेच करतात.

भाषेचेही तसेच. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात, पण शाळा, कचेरी आणि छापलेली दैनिके यांचा व्यवहार प्रामुख्याने मराठीत, म्हणून घरात तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर बातमी मराठीतच वाचत आला. मोबाइलने त्याला घरातल्या भाषेत थेट वरंगल आणि करीमनगरशी जोडले. याचा अर्थ तो मराठी बातमीपासून दुरावला असा घाईने काढू नये. महापालिकेच्या नळाचे पाणी कधी येणार हे त्याला करीमनगरची वाहिनी सांगणार नाही. मात्र करमणूक आणि भक्तिसंगीत यांत त्याचा जो वेळ पूर्वी आपल्या वाट्याला यायचा तो गेला, आणि बहुधा परत येणार नाही.

उलट, जे सोलापूर सोडून गेले ते परत आले आहेत. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. एका वाहिनीसाठी त्याचे थेट प्रक्षेपण आम्ही केले, तेव्हा नंतर उघडलेल्या आकडेवारीच्या पडद्यावर सर्वांत वर सोलापूर नव्हतेच, पुणे होते, आणि खाली भिवंडी, सुरत, हैदराबाद अशी नावे होती. कामधंद्यासाठी बाहेर पडलेला सोलापूरकर छापील अंकाच्या हिशेबात कधीच नव्हता, कारण त्याच्या दारापर्यंत आपली सायकल जात नव्हती. आपल्या दैनिकाला डिजिटलमध्ये खरोखर नवा मिळू शकणारा वाचक हाच आहे.

त्याच प्रक्षेपणातला एक कटू भागही सांगायला हवा. मिरवणूक संपता संपता शेजारच्या मंडळाच्या डीजेवर कोणते तरी सिनेमातले गाणे लागले, ते आमच्या ध्वनीत मिसळले आणि यूट्यूबच्या स्वयंचलित ओळख प्रणालीने तो व्हिडिओ त्या गाण्याच्या हक्कदार कंपनीच्या नावे लावला. चार तासांच्या चित्रीकरणातून येणारे जाहिरातीचे पैसे तिकडे वळले. वाद घालण्याची सोय आहे, पण आपण वाद ज्याच्याशी घालतो तो पहिल्या फेरीत तोच दावेदार असतो. तेव्हापासून मी प्रत्येक वाहिनीला सांगतो की मिरवणुकीत निवेदकाचा माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा आणि सभोवतालचा आवाज गरज पडल्यास काढता येईल असा ठेवावा.

पैशांचा हिशेब आता स्पष्ट करतो, कारण घरातल्या तरुणांचा भर त्यावर आहे. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहणे, किंवा छोट्या व्हिडिओंसाठी ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जाणे, अशी अट आहे. ती पूर्ण झाली की लांब व्हिडिओंवरच्या जाहिरात उत्पन्नातला ५५ टक्के भाग वाहिनीला मिळतो. ऐकायला चांगले वाटते, पण ५५ टक्के कशाचे, हे आपल्या हातात नसते. जाहिरात कोणती लागणार, तिचा दर काय, ती कोणाला दिसणार हे सगळे वहीवाला, म्हणजे यूट्यूब, ठरवतो, आणि मराठी प्रेक्षकासाठी बोली इंग्रजी प्रेक्षकापेक्षा कमी लागते. शिवाय गुन्हा, अपघात, मारामारी यांच्या दृश्यांवर जाहिरातदार येत नाहीत, म्हणून सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या बातम्याच बऱ्याचदा सर्वांत कमी कमावतात. परिणामी बूम माइक घेऊन फिरणारे अनेक तरुण जाहिरातीच्या वाट्यावर जगतच नाहीत. ते पुढाऱ्यांच्या कार्यक्रमांचे पैसे घेऊन चित्रीकरण करतात आणि त्यालाच बातमी म्हणतात. हे तंत्रज्ञानाचे अपरिहार्य फळ नाही. पण वही हातात नसलेल्याला शेवटी कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते, हे मात्र आहे.

मोठ्या पातळीवर पैसा कुठे सरकला हे दोन गोष्टींवरून कळेल. २०२२ च्या लिलावात आयपीएलच्या पाच वर्षांसाठी भारतीय उपखंडातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना आणि डिजिटलचे हक्क २३,७५८ कोटींना गेले. मोबाइलने टीव्हीला तिथे निसटते का होईना मागे टाकले. फिक्की ही उद्योग संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालाप्रमाणे २०२४ साली डिजिटल माध्यमे टीव्हीला ओलांडून देशाच्या माध्यम-मनोरंजन उद्योगाचा सर्वांत मोठा घटक ठरली. या वाढीतला सिंहाचा वाटा मोजक्या कंपन्यांकडे जातो. आपल्या गावातल्या सराफाने फेसबुकवर दिलेली जाहिरातसुद्धा या वाढीतच मोजली जाते.

व्हॉट्सॲपविषयी वेगळे लिहायला हवे, कारण तिथे दुसराही एक पत्ता हरवला. प्रत्येक वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: मालक, मुद्रक, प्रकाशक कोण, अंक कुठे छापला, कुठून प्रसिद्ध केला. १८६७ च्या कायद्याने ती बंधनकारक केली होती, आणि १ मार्च २०२४ पासून त्याची जागा घेणारा नवा कायदा लागू झाला तरी ती जबाबदारी संपलेली नाही. वाचकाने ती ओळ वाचली नाही तरी पोलीस, न्यायालय आणि रागावलेला नागरिक यांना कुठे जायचे ते कळत असे. फॉरवर्डला ती ओळच नसते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे भटके लोक होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. त्या महिन्यांत देशभर फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा तुकडा होता. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपलीकडे संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. मर्यादेने वेग कमी झाला, पण तळाची ओळ काही आली नाही. सोलापूर जिल्ह्यात पत्रकारिता करणाऱ्या माणसाने हे प्रकरण दूरच्या जिल्ह्यातली बातमी म्हणून बाजूला ठेवू नये. त्या काळात आमच्याच गटांवर तसे संदेश येत होते. आम्ही ते पुढे पाठवले नाहीत, पण खोडूनही काढले नाहीत. बातमी नाही म्हणून सोडून दिले, हीच आमची चूक होती.

टाळेबंदीत, म्हणजे एप्रिल २०२० मध्ये, घरोघरी अंक टाकण्यावर राज्यात बंदी आली तेव्हा बहुतेक दैनिकांनी अंकाची पीडीएफ मोबाइलवर सोडली. वाचकांना वाटले सोय झाली आणि मालकांना वाटले संबंध टिकला. प्रत्यक्षात ज्या सवयीचे महिन्याला दीडशे रुपये मिळत होते ती सवय आपण आपल्या हाताने फुकट केली, आणि ती पीडीएफ कोणाकडे गेली याची नोंदही आपल्याकडे राहिली नाही. बंदी उठल्यावर विक्रेत्याने वही उघडली तेव्हा कित्येक ओळींवर काट मारावी लागली.

आता आपण काय करावे. कागद एकदम बंद करू नका, पण रोजचा अंक चालवण्याचा हट्टही धरू नका. आठवड्यातून दोनदा किंवा एकदा निघणारा, जाहीर प्रगटने, निविदा आणि जपून ठेवावेत असे लेख असलेला अंक सोलापूरसारख्या शहरात अजून विकला जातो. फक्त नियतकालिकता बदलताना नोंदणीत तसा बदल करून घ्यावा लागेल. रोजच्यासाठी मोबाइल वापरा, पण तिथे बातम्यांचा ढीग ओतू नका. सोलापूरकराला रोज सकाळी तीन गोष्टी हव्या असतात: आज कोणत्या भागाला पाणी येणार, उजनी धरण किती टक्क्यांवर आहे किंवा मृतसाठ्यात किती खाली गेले आहे, आणि बाजार समितीत कांदा काय भावाने गेला. काही दिवसांच्या अंतराने नळ येणाऱ्या शहरात पाण्याचे अचूक वेळापत्रक ही सर्वांत भरवशाची बातमी आहे. ते मिळवण्यासाठी झोनमधल्या कर्मचाऱ्याशी रोज बोलणारा एक माणूस लागतो. यूट्यूबवरचा कोणीही स्पर्धक तो ठेवणार नाही, कारण त्या माहितीला शहराबाहेर प्रेक्षक नाही आणि त्यांच्या हिशेबात ती बसत नाही. आपल्या हिशेबात ती बसते.

ही माहिती देण्यासाठी व्हॉट्सॲप चॅनेल काढण्याचा मोह होईल. काढा, पण त्यावर विसंबू नका. चॅनेलच्या मालकाला अनुयायांचे क्रमांक दिसत नाहीत, म्हणजे वही पुन्हा दुसऱ्याकडेच. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी किचकट असली तरी चांगली. एका यादीत २५६ क्रमांक बसतात आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. ही अट मला तोट्याची नव्हे तर फायद्याची वाटते, कारण क्रमांक साठवणारा माणूस हा खरा वर्गणीदार असतो. यादी पेठांप्रमाणे करा: साखर पेठ वेगळी, विडी घरकुल वेगळी, जुळे सोलापूर वेगळे. क्रमांक घेताना तो कशासाठी घेतला हे लिहून संमती घ्या, कारण २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याची ती अपेक्षा आहे. सहा महिन्यांनी, लोकांना सवय लागल्यावर, महिना वीस-तीस रुपये यूपीआयने मागून पाहा. सगळे देणार नाहीत. जे देतील त्यांची नावे, पेठ आणि आवड आपल्याकडे राहील, आणि ती यादी घेऊन आपण त्याच सराफाकडे पुन्हा जाऊ शकाल.

त्या यादीचे काम जुन्या विक्रेत्यांना द्या, हा माझा आग्रह राहील. दारे त्यांना ठाऊक आहेत आणि लोक त्यांना क्रमांक देतात. अनोळखी मुलगा फॉर्म घेऊन गेल्यावर देत नाहीत.

संकेतस्थळावर फार खर्च करू नका. गुगलच्या शोधातून येणारा वाचक हा एके काळचा मोठा आधार होता, पण आता शोधाच्या पानावरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर वर दिसते आणि खाली येऊन दुवा उघडण्याचे कारण उरत नाही. संकेतस्थळ मात्र असायला हवे, एका वेगळ्या कारणासाठी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल बातम्या देणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करणे आणि आलेल्या तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. ती माहिती जिथे ठळकपणे देता येईल अशी आपली स्वतःची एक जागा हवी, म्हणजे अंकाच्या तळाची ओळ इथेही राहील. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटीही ती दोन सेकंद दाखवा.

छापखान्याबाबत आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट तातडीची आहे म्हणून लिहितो. नव्वदच्या दशकापासूनची पाने आपल्या जुन्या संगणकांत असतील आणि ती युनिकोड ही सर्व संगणकांना समान असलेली अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये असतील. अशा मजकुरातले ‘सोलापूर’ हे संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षरे नसतात, इंग्रजी चिन्हांवर चढवलेली चित्रे असतात. म्हणून कोणताही शोध त्यांना सापडवू शकत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार, जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’मधला र हमखास बिघडतो, त्यामुळे जुना मुद्रितशोधक माणूस सोबत बसवावाच लागतो. यंत्रे विकायचे ठरले तर विका, परंतु त्यांच्याबरोबर हार्ड डिस्क भंगारात जाऊ देऊ नका. आधी पानांची मूळ फाइल, त्या वेळी वापरलेल्या फाँटच्या फाइली आणि पानांची पीडीएफ, अशा तिन्ही गोष्टी दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. फाँट हरवला तर फाइल उघडेल, पण पडद्यावर नुसता चिन्हांचा सडा दिसेल.